प्रियदर्शनीचा पहिला खाडा

वस्तीवरच्या नळाला दिवसाआड पाणी यायचं, आणि पाण्याबरोबर बायडाबाईची फुशारकीही.

"काल पुन्हा आलते सर," हंडा नळाखाली सरकवत ती सांगायची. "चांगला अर्धा तास बसले बाजेवर. च्या घेतला. म्हणले, काकू, हनुमान डोक्यानं लई तल्लख हाय, त्याला नुस्तं शाळेत धाडत जावा."

बायडाबाईचा हनुमान तिसरीत होता आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळेऐवजी बिंदुसरा धरणाच्या काठी सापडायचा. पालीच्या पुढं माळावर ही वस्ती. तिथं चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक आणि एकतीस मुलं. चार वर्षांपूर्वी गहिनीनाथ सर बदलून आले आणि त्यांनी एक नियम केला. मूल लागोपाठ तीन दिवस आलं नाही, की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांची मोटरसायकल त्या घरापुढं उभी. सर ओरडायचे नाहीत. बाजेवर बसायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे, मग पिशवीतून भेटीची वही काढायचे. वहीत मुलाचं नाव, खाड्याचे दिवस आणि खाड्याचं कारण लिहायचं आणि शेवटी आईबापाची सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा चालायचा.

नियम केला मुलांना वठणीवर आणायला, पण बायकांनी त्याचं भलतंच करून ठेवलं. सर कुणाकडं किती वेळा आले यावर नळावर मोठेपणा ठरू लागला. हनुमानाच्या कृपेनं बायडाबाईकडं सर त्या वर्षी चार वेळा आले होते. जाईबाईच्या नातवाला खरूज झाली, तिच्याकडं दोनदा आले. पोरगं जितकं उनाड किंवा आजारी तितका घराचा मान मोठा, असा सगळा उलटा कारभार, आणि त्यात पंचशीलाची पाटी चार वर्षं कोरीच राहिली होती.

कारण पंचशीलाची प्रियदर्शनी शाळा बुडवतच नव्हती. पहिलीपासून चौथीपर्यंत एक दिवस नाही. पायाला करट झालं तेव्हा बापाच्या पाठीवर बसून गेली. ताप आला तर आईपासून लपवून गेली, आणि शाळेतल्या मॅडमनी कपाळाला हात लावून परत धाडलं तेव्हा "हजेरी लागली ना?" एवढं विचारून मगच घरी आली. शाळेच्या दर्शनी भिंतीवर चार वर्षांत एकही खाडा न करणाऱ्यांची नावं ऑइलपेंटनं लिहिलेली होती. आजवर तीनच नावं. त्यांच्या खाली चौथ्या नावाची जागा प्रियदर्शनीनं केव्हाच पाहून ठेवली होती. त्या भिंतीला गिलावा तिच्या बापानं, विलासनं केलेला, तोही मजुरी न घेता. तो गवंडी होता. "माझ्या पप्पांच्या भिंतीवर माझं नाव येणार," असं ती वर्गात सांगून मोकळी झाली होती.

पंचशीलाला लेकीचं कौतुक नव्हतं असं नाही. पण तिनं दोन वर्षांपूर्वी बीडच्या बाजारातून सहा कप आणले होते, पांढरे, कडेला निळी रेघ असलेले. सर येतील तेव्हा काढू, म्हणून ते फळीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ओळीनं मांडले. पाहुणे येत, जावा-नणंदा येत, त्यांना चहा स्टीलच्या पेल्यातच मिळे. कप दर रविवारी पुसून परत जागेवर जात.

एकदा बायडाबाईनं सहज विचारलं, "तुह्याकडं कसे काय येत न्हाईत गं सर?"

तिच्या मनात काही नव्हतं. बायडाबाईच्या मनात काही राहतच नाही, सगळं लगेच तोंडात येतं. पण वस्तीच्या टोकाला जी तीन बौद्ध घरं होती त्यांतल्या दोन घरांत शाळेत जाणारं मूल नव्हतं, आणि तिसरं घर पंचशीलाचं. म्हणजे त्या टोकाला सरांची गाडी कधी वळलीच नव्हती. पोरगी रोज शाळेत जाते म्हणून वळली नाही, हे सरळ होतं. पंचशीलाला ते कळतही होतं. तरी त्या दिवशी हंडा डोक्यावर घेऊन येताना तिला आपली जुनी शाळा आठवली.

तेव्हा पंचशीला स्वतः चौथीत होती. गाव चकलांब्याच्या बाजूचं, लहानसं. गाव ओढ्याच्या अलीकडं आणि यांची वस्ती पलीकडं. धाकटा भाऊ जन्मला, माय बाळंतपणातून उठेना आणि बाप लोकांच्या शेतावर. दहा वर्षांच्या पंचशीलाच्या कडेवर भाऊ आला आणि तिची शाळा बंद झाली. चार दिवसांसाठी, असं बाप म्हणाला होता.

शाळेत मोहनराव गुरुजी होते. रोज सकाळी सायकलवरून यायचे. ओढ्यापाशी रस्ता फुटायचा, डावीकडं गाव आणि शाळा, समोर ओढा ओलांडला की वस्ती. पंचशीलाच्या दारातून ते फाट्याचं ठिकाण स्वच्छ दिसायचं. त्याच सुमारास गावातल्या पाटलांच्या विमलला गालफुगी झाली, तर आठ दिवसांनी गुरुजी तिच्या ओसरीवर जाऊन चौकशी करून आले. हे खुद्द विमलनंच ओढ्यावर सांगितलं, तेव्हापासून पंचशीलाचा जीव दाराशी लागला. विमलकडं गेले, मग आपल्याकडंही येतील. ती सकाळी लवकर उठून अंगण झाडायची, बाजेवर धुतलेली गोधडी अंथरायची, तांब्या भरून ठेवायची आणि भावाला कडेवर घेऊन उंबऱ्यावर बसायची.

"कोण यायलंय?" माय आतून विचारायची.

"गुरुजी."

सायकल फाट्यावर यायची आणि डावीकडं वळायची. पंचशीला म्हणायची, आज घाईत असतील. उद्या. बाप एकदा संध्याकाळी ती गोधडी पाहून म्हणाला, "ते वढा वलांडत न्हाईत, बाय." एवढंच बोलून तो हातपाय धुवायला गेला.

मोहनराव गुरुजी वाईट होते असं आजही कुणी म्हणणार नाही. पाढे त्यांनीच शिकवले, आणि पंचशीलाचं अक्षर आज जे वळणदार आहे तेही त्यांच्यामुळंच. पण ओढ्यात गुडघाभर पाणी नव्हतं तेव्हाही त्यांची सायकल समोर आली नाही, हे खरं, आणि ते खरं कुठल्या चांगुलपणानं धुऊन निघत नाही.

पुढं लग्न झालं, पालीकडं आली, बऱ्याच वर्षांनी प्रियदर्शनी झाली. आपल्या आधार कार्डावर जन्मतारीख चुकली होती म्हणून पंचशीलानं माहेरच्या शाळेतून स्वतःचा दाखला काढून आणला. परतीच्या एसटीत तिनं तो वाचला. नाव, जन्मतारीख, इयत्ता चौथी. त्याखाली 'शाळा सोडण्याचे कारण' आणि त्यापुढं दोन शब्द, 'सतत गैरहजर'. जणू काही ती पोरगी गावभर हुंदडायला गेली होती. गैरहजर का, हे विचारायला कुणी आलं नाही, त्यामुळं ते कुठं लिहिलंही नाही. तिनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. पण त्या दिवसापासून कुठल्याही घरापुढं सरांची मोटरसायकल उभी दिसली, की ती हातातलं काम थांबवून बघत राहायची. मूल आलं नाही म्हणून शाळा आपल्या पायानं दारात येते आणि विचारते, हे तिला दुरून का होईना पाहायचं असायचं. आणि एकदा, फक्त एकदा, ते आपल्या दारात व्हावं एवढीच तिची इच्छा होती. आपल्यासाठी नाही तर नाही, लेकीसाठी तरी.

फेब्रुवारी लागला. मे महिन्यात प्रियदर्शनी चौथी पास होऊन पालीच्या शाळेत जाणार होती. सरांच्या बदलीचीही कुजबुज होती. म्हणजे यायचे असतील तर सर याच दोन-तीन महिन्यांत येणार, आणि पोरगी शाळेत जाते तोवर ते येणार नाहीत. पंचशीलानं पंधरा दिवस हा विचार उलटासुलटा करून पाहिला. भिंतीवरचं नाव तिला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणूनच तर पंधरा दिवस लागले. शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली, की भिंतीवरचा रंग पाच-सहा पावसाळ्यांत उडतोच.

सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी संध्याकाळी सर येतील. विलास आठवडाभर अंबाजोगाईला कामावर होता, तो शनिवारी येणार. बुधवारी सकाळी अंगण सारवायचं आणि बायडाबाईकडून अर्धा लिटर दूध आणायचं. साखर होती. कप होतेच.

सोमवारी प्रियदर्शनी दप्तर पाठीला लावून निघाली, तेव्हा पंचशीला चुलीकडं तोंड करून म्हणाली, "आज ऱ्हा घरी. शेळी व्यायला झालीया. मला कांद्यात खुरपायला जायचंय, तिच्यापाशी कुणीतरी पायजे."

"मम्मी, माझा खाडा पडंल."

"एका खाड्यानं काय व्हतंय?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच लागलं. प्रियदर्शनी आधी हसली, मग आईचा चेहरा पाहून तिला कळलं की ही थट्टा नाही. ती भांडली, पाय आपटले, रडलीसुद्धा. पंचशीला वळली नाही. शेवटी पोरगी दप्तर पाठीवरून न काढताच उंबऱ्यावर जाऊन बसली आणि शाळेच्या वाटेकडं बघत राहिली.

दहा वाजले. शाळेची घंटा वस्तीवर स्पष्ट ऐकू यायची. मग प्रार्थनेचे सूर आले. प्रियदर्शनी बसल्या जागी ओठ हलवत होती. पंचशीला खुरपं घेऊन निघाली, दारात आली आणि तिथंच खिळली. उंबऱ्यावर बसलेली पोरगी, हनुवटी गुडघ्यावर, डोळे वाटेवर. कडेवर भाऊ नव्हता, त्याच्या जागी दप्तर होतं, एवढाच काय तो फरक. आपण हे काय करून बसलो, असं पंचशीलाला पहिल्यांदा आतून वाटलं. जा म्हणावं, पळ म्हणावं, असं ओठांवर आलं. पण हजेरी तर होऊन गेली असणार. आता जाऊन खाडा थोडाच पुसला जाणार होता. तिनं खुरपं खाली ठेवलं. कांद्यात जायचा जीव उरला नव्हता. ती गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन सारवायला आणलेलं शेण कालवायला लागली, काहीतरी हाताला हवं म्हणून.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील नसतील, गाडीचा आवाज आला. या टोकाला गाडी येत नाही म्हणून पंचशीलानं मान वर केली नाही. आवाज दाराशीच थांबला.

"प्रियदर्शनी कावून आली न्हाई, ताई? बरं हाय ना सगळं?"

गहिनीनाथ सर गाडीवरून उतरलेही नव्हते, दोन्ही पाय टेकून तसेच उभे. शर्टाच्या बाहीला खडू लागलेला. पंचशीला कोपरापर्यंत शेणानं भरलेली, पदर खोचलेला, केस सुटलेले. ज्या प्रश्नाची तिनं दहाव्या वर्षापासून वाट पाहिली तो प्रश्न दारात उभा होता.

"तीन दिवस कुठं झाले, सर?" एवढंच ती कशीबशी म्हणाली.

"तीन दिवसाचा नियम दुसऱ्यांसाठी," सर म्हणाले. "मी हजेरी घेतली. हिचं नाव घेतलं तर कुणी बोलंना. सगळी पोरं मागं वळून हिच्या जागेकडं बघायला लागली. चार वर्षात असं झालं न्हाई. मला वाटलं काय तरी वंगाळ झालं. वर्ग मॅडमकडं दिला अन् आलो."

"शेळी व्यायला झाली म्हणून ठेवलं मम्मीनं," प्रियदर्शनी रडवेल्या आवाजात म्हणाली. सरांना पाहून तिला आणखीच भरून आलं होतं.

सर आष्टीकडच्या शेतकऱ्याचे पोर. त्यांनी शेळीकडं एकदाच पाहिलं. "ही तर गाभण बी दिसत न्हाई, ताई."

शेळी शांतपणे कडबा चघळत होती. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं शेळीच्या भरवशावर बोलून जातं. पंचशीलानं हात धुतले, आत गेली, ट्रंक उघडली आणि तो दाखला सरांच्या हातात आणून दिला. सर बाजेवर बसले. त्यांनी कागद वाचला, मग त्या ओळीवर बोट ठेवून तिच्याकडं पाहिलं.

मग ती बोलली. ओढा, फाटा, गोधडी, विमलची गालफुगी, सगळं. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरली, याचंच तिला वाईट वाटलं. "तुमी समद्यांकडं जाता," ती शेवटी म्हणाली. "आमच्याकडं यायचं काय कारणच पडंना. म्हून मी कारण केलं. चुकलं माझं."

सरांनी दाखल्याची घडी करून तो तिच्या हातात दिला. मग म्हणाले, "चुकलं माझंबी. गैरहजर पोरांच्या घरी जायचं एवढंच डोक्यात होतं. रोज येणाऱ्याच्या घरीबी जावं, हे कुणी शिकवलं न्हाई, अन् मला सुचलं न्हाई." ते पुढं बोलले, "पण एक सांगतो. खाडा तो खाडाच. हजेरीचा कागद मी खोटा लिव्हणार न्हाई. भितीवर नाव येणार न्हाई हिचं."

प्रियदर्शनीनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला. रडली नाही. पंचशीला मान खाली घालून उठली आणि चहा ठेवला. दूध बुधवारचं ठरलेलं, म्हणून चहा कोरा. तिनं तो हाताला आलेल्या स्टीलच्या पेल्यात ओतून दिला आणि सरांनी फुंकर मारत तो संपवला.

सरांनी वही काढली. नाव लिहिलं, खाड्याचे दिवस एक, असं लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी थांबले आणि वही तिच्यापुढं सरकवली. "हे तुमी लिव्हा."

पंचशीलानं पेन घेतलं. हात ओले होते, ते लुगड्याला पुसले. मग मोहनराव गुरुजींनी शिकवलेल्या त्याच वळणदार अक्षरात तिनं लिहिलं, "मुलगी यायला तयार होती. आईने घरी ठेवली. मुलीचा दोष नाही." आणि खाली पूर्ण नावाची सही केली. सरांनी ते वाचलं आणि वही पिशवीत ठेवली. प्रियदर्शनीला मागं बसवून ते निघाले. निघताना म्हणाले, "ताई, पुढच्या रईवारी येतो. असाच. कारण नको." गाडी वस्तीच्या टोकावरून नळापाशी गेली तेव्हा बायडाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

ते गेल्यावर पंचशीलाची नजर फळीवर गेली. सहाच्या सहा कप जागेवर होते. ती त्यांच्याकडं पाहून एकटीच हसली आणि मग उंबऱ्यावर बसून रडली. सर आले होते, पहिल्याच दिवशी आले होते, धावत आले होते. पण ते पालीच्या वस्तीवर, प्रियदर्शनीसाठी. ओढ्यापलीकडच्या त्या पोरीकडं अजूनही कुणी गेलं नव्हतं, आणि आता कुणी जाणार नव्हतं. गोधडी अंथरून ती तशीच बसलेली. एका दारातली वाट पाहणं दुसऱ्या दारात फिटत नाही, हे पंचशीलाला त्या दिवशी कळलं, आणि ते कळायला लेकीची भिंत खर्ची पडली.

संध्याकाळी प्रियदर्शनी घरी आली. दप्तर खुंटीला लावलं, शेळीला पाणी दाखवलं, हातपाय धुतले आणि जेवायला बसली. चुलीवर भाकरी टम्म फुगली, ती तिनं लेकीच्या ताटात टाकली.

भाकरी मोडता मोडता पोरीनं विचारलं, "तू किती दिवस बसलीस गं दारात?"

"मोजले न्हाईत. कापूस निघूस्तोवर बसलते."

"मी आज एकच तास बसले, तर तो सरता सरंना."

पंचशीलानं हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला. "तुझं नाव गेलं ना बाळा भितीवरचं. माझ्यामुळं."

ते गेलंच होतं आणि प्रियदर्शनीला त्याचं दुःख होतं, ते नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. ती भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"मम्मी, मी तुझ्या वर्गात पायजे होते. गुरुजी न्हाई आले तरी मी आले असते तुला बोलवायला. वढ्यात किती पाणी असंल तरी."

असं म्हणून तिनं ताट पुढं केलं, आणि आईनं तिला अर्धी भाकरी आणखी वाढली.